मोत्याची फेरी, तुझा कॅमेरा

अगं, तुझ्या कुत्र्याचे, मोत्याचे फोटो नीट येत नाहीत म्हणून फोनवर तू एवढी हिरमुसलीस, ते राहून राहून आठवतंय मला. एक तर हललेला येतो, नाहीतर नुसती शेपटी, म्हणालीस. त्या वेळी घाई होती, आज निवांत बोलू. फोनच्या कॅमेऱ्याचं सांगणारच आहे, पण त्याआधी एक गोष्ट मनात धर. सकाळची फेरी मोत्याची आहे. त्या फेरीत फोटो मिळाला तर घ्यायचा. फोटोसाठी म्हणून त्याला बाहेर काढलंस की तो तोंड फिरवणार, तू चिडणार आणि दोघांचीही सकाळ वाया जाणार.

कुत्र्याचं जग नाकात असतं. बांधावर आपल्याला काहीच दिसत नाही, पण रात्री तिथून कोण गेलं, कुठं वळलं, हे तो हुंगून काढत असतो. त्याला हुंगू दे, पट्टा ओढू नकोस. तो थांबला की तूही थांब आणि तो बघतोय तिकडं बघ. तुरीच्या ओळीत काहीतरी हललं की आधी त्याचे कान उभे राहतात, मग मान वळते, मग पुढचा एक पाय अधांतरी उचललेला राहतो. तो उचललेला पाय हाच तुझा फोटो. ‘मोत्या, इकडं बघ’ म्हणून ओरडलीस की पाय खाली आलाच म्हणून समज.

परभणी-जिंतूरचा डांबरी रस्ता सोड. तिथं गाड्या आहेत, धूळ आहे, आणि त्याचं लक्षही लागत नाही. शिवारातली गाडीवाट धर, नाहीतर करपरा नदीच्या काठानं जा. मे महिन्यात पावणेसहाच्या सुमारास दिवस उगवतो, डिसेंबरात सात वाजत येतात. उगवल्यानंतरचा पहिला तास सोन्यासारखा समज. उजेड तिरपा असतो, अंगावरचा केस न केस दिसतो, आणि आपली काळी जमीनसुद्धा तेव्हा नुसती काळी राहत नाही, ढेकळाढेकळाची सावली वेगळी दिसते. दहानंतर उजेड डोक्यावर येतो, डोळ्यांच्या खोबणीत अंधार पडतो. मग फोन खिशात घाल.

आता फोटो घ्यायला खाली बस. खरंच बस, धुऱ्यावर मांडी घाल नाहीतर पोटावर पड, ड्रेसला माती लागेल ती धुता येते. आपण उभ्यानं फोटो काढतो म्हणून सगळ्यांच्या कुत्र्यांच्या फोटोत पाठ आणि डोकं एवढंच असतं. फोन त्याच्या डोळ्यांच्या रेषेत आण, मग बघ, मागं मातीऐवजी आभाळ येतं आणि ज्वारीचं ताट झाडाएवढं उंच दिसतं. एलियट अर्विट नावाचा मोठा छायाचित्रकार होऊन गेला, 2023 मध्ये वारला. त्यानं जन्मभर कुत्र्यांचे फोटो काढले. न्यूयॉर्कमधला त्याचा 1974 चा एक फोटो जगभर गाजला. डावीकडं एका अवाढव्य कुत्र्याचे नुसते पुढचे पाय, शेजारी एका बाईचे बूट, आणि त्यांच्या बाजूला टोपी घातलेलं इवलंसं चिहुआहुआ. कॅमेरा जवळजवळ जमिनीला टेकवलेला. त्या इवल्याशा कुत्र्याला जग कसं दिसत असेल, ते त्या एका फोटोत कळतं. अर्विट कुत्र्यांवर भुंकायचासुद्धा, म्हणजे ती दचकून बघतील. तू मात्र भुंकू नकोस, मोत्या घाबरट आहे.

काळ्या कुत्र्याचा फोटो काढणं अवघड, हे तुझं बरोबर आहे. पण त्यात तुझा दोष नाही. समोर जे येईल ते सरासरी राखाडी असावं, असं कॅमेरा धरून चालतो. मागं उजळ आभाळ असलं की तो सगळं अंधारं करतो आणि मोत्या म्हणजे काळा डाग होऊन बसतो. अशा वेळी स्क्रीनवर त्याच्या चेहऱ्यावर बोट टेकव आणि शेजारी सूर्याचं चिन्ह येतं ते थोडं वर सरकव. उलट त्याचं काळं तोंडच चौकटभर असलं तर कॅमेरा उजेड वाढवतो आणि काळा रंग धुरकट दिसायला लागतो, तेव्हा तेच चिन्ह खाली घे. कापूस फुटलेल्या शेतात तर ही फसगत हमखास होते. बोंडांच्या पांढऱ्यानं कॅमेरा बिचकतो, कापूस मळका आणि कुत्रं कोळसा. उजेड वाढव, पण बोंडांवरचे धागे दिसेनासे होतील इतका नको.

डोळ्यांत चमक हवी असेल तर त्याचं तोंड मोकळ्या आभाळाकडं असू दे. पिंपळाच्या सावलीच्या कडेला, सावलीत तो आणि समोर उजेड, अशी जागा गाठ. फ्लॅश कधीच मारू नकोस. डोळे हिरवे-पिवळे चमकतात आणि पुढच्या वेळी फोन दिसला की तो पळतो. लक्ष वेधायचं तर भाकरीचा तुकडा फोनच्या वर धर आणि फोटो झाला की लगेच दे. फसवू नकोस, कुत्री ते लक्षात ठेवतात. धावतानाचा हवा असेल तर बटण दाबून धर, काही फोनमध्ये सलग फोटो निघतात, त्यातला एक ठेव आणि बाकीचे तिथंच पुसून टाक. पुढं दादाचा मोठा कॅमेरा हातात आलाच, तर धावत्या कुत्र्याला शटर एक हजारांश सेकंदाच्या आसपास ठेव.

आणि त्याचं अंगही वाचायला शीक. झोप नसताना जांभई दिली, पुन्हापुन्हा जीभ नाकावर फिरवली, मान वळवून डोळ्याच्या कोपऱ्यातून पांढरं दाखवत बघायला लागला, तर त्याला नको झालंय. तेवढ्यावर थांबायचं. गॉगल घालून, टोपी घालून, दुचाकीच्या टाकीवर बसवून काढलेले फोटो लोकांना आवडतात, मला बघवत नाहीत. त्या फोटोंतल्या कुत्र्यांचे कान बघ, सगळे मागं पडलेले असतात.

लोक म्हणतील, गावठीचे काय फोटो काढतेस? ऐकू नकोस. आपल्या मराठवाड्यात कारवानी आणि पश्मी यांसारखी सडपातळ शिकारी कुत्री पिढ्यान्‌पिढ्या पाळत आलेत. त्यांच्याच नात्यातल्या मुधोळ जातीवर तर भारतीय टपाल खात्यानं 2005 मध्ये तिकीट काढलं. मोत्याच्या लांब पायांत तसलं रक्त थोडंफार असेलही. नसलं तरी काही बिघडत नाही, तो तुझा आहे.

उन्हाळ्याचं मात्र नीट ऐक, कारण आपल्याकडचं ऊन तुला माहीत आहे. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, जीभ काढून धापा टाकूनच तो अंग निववतो. रस्त्यावर हाताची उलटी बाजू सात सेकंद टेकवून बघ. तुला सोसलं नाही तर त्याच्या पंजालाही सोसणार नाही. पाण्याची बाटली आणि एक वाटी पिशवीत असू दे. कापसावर फवारणी झाली असेल त्या रानात त्याला शिरू देऊ नकोस. तो चालता चालता पानं हुंगतो आणि घरी येऊन पंजे चाटतो, विष तसंच पोटात जातं. रानडुकरांसाठी झटका मशीनच्या तारा ओढलेल्या असतात, त्या पहाटेच्या अंधुकात दिसत नाहीत. ज्यांचं रान त्यांनाच आधी विचार. आणि काळवीट दिसलं तर पट्टा घट्ट धर. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं काळविटाला सर्वांत कडक संरक्षण आहे. फोटो लांबूनच घे, कुत्रं मागं सोडून पळवलेल्या हरणाचा फोटो मला दाखवू नकोस.

शेतात कापूस वेचणाऱ्या बायांचे फोटो न विचारता काढायचे नाहीत. ‘मावशी, काढू का?’ एवढं विचारलं की त्या हसून पदर सावरतात, आणि नको म्हणाल्या तर नको. मोत्या सोबत असला की बोलणं सोपं जातं, माणसं आधी त्याची चौकशी करतात. कुणी म्हणेल, पोरीनं कॅमेरा घेऊन रानात कशाला फिरावं? होमाई व्यारावाला साडी नेसून, जड कॅमेरा घेऊन दिल्लीत सायकलवर फिरायच्या, देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांचं नाव झालं, 2011 मध्ये पद्मविभूषण मिळालं. तरी एकटीनं लांब जाऊ नकोस. कुठल्या वाटेनं जातेस ते आईला सांगून जा, आणि रोज त्याच ठिकाणचा फोटो त्याच वेळी स्टेटसला टाकू नकोस.

सुट्टीत जायचं असेल तर चारठाण्याला जा. तिथली जुनी मंदिरं आणि एक उंच कोरीव स्तंभ सकाळच्या उजेडात बघण्यासारखा आहे. मोत्याला मात्र आवाराबाहेर कुणाजवळ तरी थांबव. येलदरीला पूर्णा नदीचं पाणी दिसेल, पण धरणाच्या भिंतीवर फोटो काढण्याच्या भानगडीत पडू नकोस, काठावरच फिर. पाण्याजवळ पक्षी असतील तिथं पट्टा सोडायचा नाही.

दर महिन्याला एक फोटो एकाच जागेवरून काढ. करपरेच्या काठची एखादी बाभूळ ठरव. पावसाळ्यात चिखलानं माखलेला, संक्रांतीच्या सुमाराला हुरड्याच्या ज्वारीत मान वर काढून उभा, मे महिन्यात भेगाळलेल्या रानात सावली शोधणारा, असे बारा फोटो झाले की पुढच्या वर्षी त्यात तुला ऋतू दिसतील आणि त्याच्या थुतरीवर आलेले पहिले पांढरे केसही. कुत्र्याचं आयुष्य आपल्यापेक्षा फार आखूड असतं, म्हणून आवडलेले फोटो कागदावर छापून घे, मागं तारीख लिही. फोन पडतो, बिघडतो, हरवतो.

आणि आज संध्याकाळी एवढं करच. मोत्याचं लसीचं कार्ड काढ आणि या वर्षीची रेबीजची लस झाली का ते बघ. झाली नसेल तर उद्या सकाळी फेरीच्या आधी त्याला जनावरांच्या दवाखान्यात ने. त्यानं किंवा वाटेतल्या दुसऱ्या कुत्र्यानं तुला नखं लावली, दात लावले, तर जखम पंधरा मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्यानं धू आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठ. हळद-चुना लावत बसायचं नाही. लस झाली की मला कळव, मग फोटो पाठव.