अंटार्क्टिकाचा पाठ : दूरच्या हिमभूमीशी आपला संबंध

भूगोलाच्या तासाला पृथ्वीगोलाच्या तळाचा अंटार्क्टिका खंड दाखविला की, "गुरुजी, तेथे गाव नाही, शेत नाही, मग तो शिकावयाचा कशाला?" असे एखादा चुणचुणीत विद्यार्थी हटकून विचारतो. 'परीक्षेकरिता' असे सांगून त्याची बोळवण करू नये. पाठाचा आरंभच या प्रश्नापासून करावा.

प्रथम एक प्रयोग करावा. दोन सारखी काचपात्रे घ्यावीत. पहिल्यातील पाण्यावर बर्फाचा खडा तरंगत ठेवावा. दुसऱ्यात एक दगड ठेवून, त्याचा माथा बाहेर राहील इतकेच पाणी ओतावे व माथ्यावर तेवढाच बर्फ ठेवावा. दोन्ही पातळ्यांवर खुणा कराव्यात. बर्फ वितळल्यावर पहिली पातळी होती तेथेच राहते, दुसरी चढते. अंटार्क्टिकाचा बहुतेक बर्फ असाच भूमीवर आहे. तो सर्व वितळल्यास जगातील समुद्र सुमारे ५८ मीटर चढेल. त्यास सहस्रावधी वर्षे लागतील हे खरे. परंतु एक मीटरची वाढही कोकणातील खाजणशेतीस घातक ठरेल, हे मुलांच्या ध्यानी आणून द्यावे.

दुसरे उदाहरण ओझोनचे. तेथील हॅली ठाण्यावरील नोंदींवरून ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये दाखवून दिले की, दरवर्षी वसंतात ओझोनचा थर विरळ होत आहे. दोष होता दूरच्या शहरांतील शीतयंत्रांतून व फवाऱ्यांच्या डब्यांतून सुटणाऱ्या वायूंचा. १९८७ च्या माँट्रिअल करारान्वये राष्ट्रांनी त्या वायूंना आवर घातला. तेथे कोणी मोजमाप करीत बसले होते, म्हणूनच धोका वेळीच कळला.

आता व्यवस्थेचा प्रश्न. गायरान कोणा एका शेतकऱ्याचे नसते. म्हणूनच त्याची राखण साऱ्या गावाने करावी लागते. अंटार्क्टिकाचेही तसेच आहे. सात राष्ट्रे तेथील भूमीवर हक्क सांगत होती. १ डिसेंबर १९५९ रोजी बारा राष्ट्रांनी करार करून नवे हक्क सांगण्यास व लष्करी हालचालींस बंदी केली, आणि संशोधन सर्वांस खुले ठेवले. पुढे १९९१ च्या माद्रिद करारपत्राने खाणकामही वर्ज्य ठरविले. भारताची पहिली मोहीम डॉ. सय्यद जहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली. १९८३ मध्ये भारत या करारात सामील झाला. 'मैत्री' व 'भारती' ही आपली ठाणी नकाशावर अवश्य दाखवावीत.

शेवटी मुलांना विचारावे : आपल्या गावात कोणा एकाच्या मालकीचे नाही, असे काय काय आहे? त्याची राखण कोण करते? आणि कोणीच न केल्यास काय होईल? या उत्तरांतूनच पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुलांना आपोआप सापडेल.