जुने औषध, नवा रोग

भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगर येथे सैन्यासाठी स्फोटके तयार करणारा सरकारी मालकीचा कारखाना आहे. स्फोटक म्हटले की संहाराचीच कल्पना मनात येते. परंतु नायट्रोग्लिसरीन या प्रखर स्फोटकाची हकीकत ऐका. त्याचे अत्यंत सौम्य द्रावण हृदयशूलाच्या रोग्यांच्या वेदना शमविते, असे विल्यम मरेल या इंग्रज डॉक्टरने १८७९ साली दाखवून दिले. आजही हे द्रव्य हृदयरोग्यांना औषध म्हणून देतात. एका कामासाठी निर्माण झालेली वस्तू अशी दुसऱ्या कामी येऊ शकते.

२०२० साली कोविड या नव्या विषाणुजन्य रोगाने जगाला ग्रासले, तेव्हा डॉक्टरांनी हीच वाट चोखाळली. नवे औषध सिद्ध करण्यास कित्येक वर्षे लागतात. रोगी मात्र थांबू शकत नाही. जुन्या औषधांचे गुणदोष व मात्रा आधीच ठाऊक असतात. त्यांपैकीच एखादे उपयोगी पडले तर?

जागतिक आरोग्य संघटनेने चार औषधे परीक्षेसाठी निवडली. त्यांत हिवतापावरील हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि पूर्वी इबोला रोगावर आजमावलेले रेमडेसिविर ही दोन होती. भारतातील या कार्याची सूत्रे पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेकडे होती. कोणत्या रोग्यास औषध द्यावे, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरे. इतरांवर नेहमीचेच उपचार होत. मग दोन्ही गटांची तुलना केली जाई.

इकडे लोकांना धीर कोठला! कित्येकांनी भीतीपोटी हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा साठा केला. परिणामी, संधिवाताच्या ज्या रोग्यांना ते नित्य लागे, त्यांना ते मिळेनासे झाले.

ऑक्टोबर २०२० मध्ये निष्कर्ष हाती आले. ३० देशांतील ११,००० हून अधिक रोग्यांच्या या परीक्षेत चारांपैकी एकाही औषधाने मृत्यू फारसे कमी केले नव्हते.

मग सारे श्रम वाया गेले काय? मुळीच नाही. तशाच रीतीने ब्रिटनमध्ये डेक्सामेथासोन या जुन्या व स्वस्त औषधाची परीक्षा झाली होती. ते शरीरातील दाह शमविते. कृत्रिम श्वासोच्छ्वासावर असलेल्या रोग्यांतील मृत्यू त्यामुळे सुमारे एकतृतीयांशाने घटले, असे जून २०२० मध्ये दिसून आले. ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती, त्यांना मात्र त्याचा लाभ झाला नाही.

मुलांनो, औषधाची योग्यता त्याच्या कीर्तीवरून ठरत नाही. ती परीक्षेने ठरते. जे औषध निरुपयोगी ठरले, त्याच्या परीक्षेनेही पुढील रोग्यांचा व्यर्थ उपचार टळला.

अभ्यास
१. नव्या रोगावर जुनी औषधे प्रथम का आजमावतात?
२. औषधाची परीक्षा कशी घेतली जाते?
३. परीक्षेआधीच औषधाचा साठा केल्याने कोणाचे नुकसान झाले?