घरकामाचा हिशेब

(स्त्री आणि पुरुष समान आहेत, असे आपले संविधान सांगते. मुली शिकतात, नोकरी करतात, विमान चालवतात. मग स्त्रीवादाची गरज आजही का आहे? नववीच्या एका वर्गातील मुलांनी या प्रश्नाचे उत्तर कसे शोधले, ते या पाठात सांगितले आहे.)

मराठीचा तास होता. बाईंनी फळ्यावर तीन रकाने आखले : नाव, नाते, काम. त्या म्हणाल्या, "मुलांनो, आपल्या घरातील माणसांची माहिती या तक्त्यात भरा."

वर्गात शांतता पसरली. थोड्या वेळाने बाईंनी एका मुलाची वही उचलली. वहीत अब्बांचे पूर्ण नाव होते आणि कामाच्या रकान्यात 'फळांचा व्यापार' असे लिहिले होते. खालच्या ओळीत मात्र नावाच्या जागी फक्त 'अम्मी' आणि कामाच्या जागी 'काही नाही' असे होते.

"अम्मीचे नाव का लिहिले नाहीस?" बाईंनी विचारले.

मुलगा लाजून म्हणाला, "बाई, अम्मीला सगळे अम्मीच म्हणतात."

"आणि काम?"

"ती काम करत नाही. घरीच असते."

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी इतर वह्या पाहिल्या. बऱ्याच वह्यांत असेच लिहिलेले होते. त्या म्हणाल्या, "उद्या रविवार आहे. पहाटे फजरच्या अजानपासून रात्री दिवा बंद होईपर्यंत घरात कोण काय काम करते, ते वेळेसह लिहून आणा. आपण त्याचा हिशेब करू."

सोमवारी तोच मुलगा सर्वांत आधी उभा राहिला. त्याच्या वहीची दोन पाने भरली होती. पाणी भरणे, चहा, नाश्ता, भांडी, कपडे, दादीचे औषध, स्वयंपाक, धाकट्या भावाचा अभ्यास, संध्याकाळी पुन्हा पाणी, पुन्हा स्वयंपाक, पुन्हा भांडी. तो हळूच म्हणाला, "बाई, अम्मी सर्वांच्या आधी उठली आणि सर्वांच्या नंतर झोपली. मी परवा चुकीचे लिहिले होते."

"चूक तुझ्या एकट्याची नाही," बाई म्हणाल्या. "अशी चूक मोठमोठ्या माणसांकडूनही झाली आहे. ऐका."

मग बाईंनी एक खरी गोष्ट सांगितली. स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ साली झाली. प्रत्येक प्रौढ स्त्रीला आणि पुरुषाला मताचा हक्क मिळाला होता. मतदारांच्या याद्या करण्यासाठी कर्मचारी घरोघर गेले. तेव्हा लाखो स्त्रियांनी आपले नाव सांगितलेच नाही. 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' एवढीच त्यांची ओळख नोंदली गेली. नियमाप्रमाणे यादीत स्वतःचे नाव हवे होते. म्हणून सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून वगळावी लागली. कायद्याने हक्क दिला होता. पण रूढीने तो हिरावून घेतला.

"बाई, ही तर फार जुनी गोष्ट झाली!" एक मुलगा म्हणाला.

"जुनी आहे खरी, पण आपल्या राज्यात मुलाच्या नावापुढे आईचे नाव लिहिणे कधी बंधनकारक झाले, ठाऊक आहे? १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शासनाने तसा नियम केला. म्हणजे ही गोष्ट तुमच्याही काळापर्यंत आली आहे."

बाईंनी पुढे 'स्त्रीवाद' हा शब्द फळ्यावर लिहिला. काही मुले हसली. एकाने विचारले, "बाई, स्त्रीवाद म्हणजे पुरुषांशी भांडण ना?"

"नाही," बाई म्हणाल्या. "स्त्री हीदेखील माणूस आहे आणि माणसाला जे हक्क असतात ते तिलाही असलेच पाहिजेत, हा विचार म्हणजे स्त्रीवाद. हा विचार पुढे नेण्यात पुरुषांचाही हात आहे. जोतीराव फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. सावित्रीबाईंनी १८५६ साली जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमा या सहकारी स्त्रीचा उल्लेख आहे. पुढे १९०६ साली अलीगढमध्ये शेख अब्दुल्ला आणि त्यांच्या पत्नी वहीद जहाँ बेगम यांनी मुलींची शाळा सुरू केली. त्यांची मुलगी रशीद जहाँ डॉक्टर झाली आणि उर्दूतील नामवंत लेखिकाही झाली."

मुली लक्ष देऊन ऐकत होत्या. बाई म्हणाल्या, "बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक लिहिले. जो दोष पुरुषाला माफ होतो, त्याच दोषासाठी स्त्रीला शिक्षा का, असा सवाल त्यांनी केला. स्वातंत्र्यानंतर हंसा मेहता संयुक्त राष्ट्रांत भारताच्या प्रतिनिधी होत्या. तेथे मानवी हक्कांचा जाहीरनामा तयार होत होता. त्याच्या मसुद्यात 'सर्व पुरुष' असा अर्थ होऊ शकेल असे इंग्रजी शब्द होते. हंसाबाईंनी हरकत घेतली. १९४८ साली जाहीरनामा मंजूर झाला, तेव्हा तेथे 'सर्व माणसे' असे शब्द आले. एक शब्द बदलला आणि जगातील निम्मी माणसे त्या वाक्यात आली."

"मग आता कायदे झाले आहेत. अजून काय हवे?" मागच्या बाकावरून प्रश्न आला.

"प्रश्न चांगला आहे. हुंडा घेणे १९६१ सालच्या कायद्याने गुन्हा ठरले. पण हुंडा थांबला का? मुलीला मालमत्तेत हक्क आहे. हिंदू कुटुंबात मुलीला मुलाइतका वाटा महाराष्ट्राने १९९४ साली दिला आणि २००५ साली तो देशभर लागू झाला. मुस्लिम कायद्यातही मुलीचा वाटा ठरलेला आहे. तरीही कित्येक घरांत बहिणीकडून हक्कसोड पत्रावर सही घेतली जाते. नाही म्हणाली, तर माहेर तुटेल अशी भीती तिला वाटते. कायदा कागदावर असतो. तो घरात यायला वेळ लागतो. तो घरात आणण्यासाठी स्त्रीवाद हवा."

बाईंनी फळ्यावर दोन आकडे लिहिले : २८९ आणि ८८. "२०२४ साली केंद्र सरकारने लोकांचा वेळ कसा जातो याची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रीची रोज सरासरी २८९ मिनिटे त्यात जातात. घरकाम करणाऱ्या पुरुषाची जातात ८८ मिनिटे. आणि शंभरातले सुमारे २७ पुरुषच घरकामाला हात लावतात. या कामाला पगार नाही, सुट्टी नाही आणि नावही नाही. म्हणूनच आपण त्याला 'काही नाही' म्हणतो."

तेव्हा तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. ती वर्गात फारशी बोलत नसे. "बाई, मीही हिशेब केला. आमच्या नळाला संध्याकाळी पाच ते सात पाणी येते. मी पाणी भरते, मग पोळ्या करते. अभ्यासाला बसते तेव्हा नऊ वाजतात आणि झोप येते. मागच्या परीक्षेत मी गणितात नापास झाले. अब्बा म्हणाले, हिला अभ्यासात गोडी नाही, दहावीपर्यंत शिकली तरी पुष्कळ झाले."

वर्ग गप्प झाला. बाईंनी विचारले, "पाच ते सात तुझा भाऊ काय करतो?"

"मैदानावर क्रिकेट खेळतो."

"मग तुला गोडी नाही, की तुला वेळ नाही?"

मुलीने उत्तर दिले नाही. पण तिने वही छातीशी घट्ट धरली. त्या दिवशी ती वही तिने अब्बांच्या हातात दिली. अब्बांनी ती दोनदा वाचली. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी नळाला पाणी आले, तेव्हा त्यांनी मुलाला मैदानावरून हाक मारली आणि म्हणाले, "बेटा, आजपासून पाणी तू भरायचे. खेळ नंतर."

मुलीला रोज दोन तास मिळाले. दहावीनंतर पुढे शिकवायचे की नाही, याचे उत्तर अब्बांनी अजून दिलेले नाही. पण आता ती संध्याकाळी पाच वाजता गणिताचे पुस्तक उघडते.

एखाद्या मुलीची शाळा सुटते, तेव्हा आपण म्हणतो की तिचे नशीब. पुष्कळदा ते नशीब नसते. घरकामाचा चुकलेला हिशेब असतो. तो हिशेब जोवर दुरुस्त होत नाही, तोवर स्त्रीवादाची गरज राहणारच.

शब्दार्थ

रकाना – खाना
सार्वत्रिक – सगळीकडे होणारी
बंधनकारक – पाळावेच लागणारे
रूढी – पूर्वीपासून चालत आलेली रीत
मसुदा – कच्चे लेखन
हरकत घेणे – विरोध नोंदवणे
हक्कसोड पत्र – आपला वाटा सोडल्याचा लेखी कागद

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मुलाने अम्मीच्या कामाच्या रकान्यात काय लिहिले होते?
(आ) 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक कोणी लिहिले?
(इ) अलीगढमधील मुलींची शाळा कोणत्या साली सुरू झाली?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे मतदार यादीतून का वगळावी लागली?
(आ) हंसा मेहता यांनी कोणती हरकत घेतली?
(इ) मुलगी गणितात नापास का झाली?

प्र. ३. 'कायदा कागदावर असतो. तो घरात यायला वेळ लागतो.' या वाक्याचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

प्र. ४. विरुद्धार्थी शब्द लिहा.
समान × ....... जुने × ....... दोष × ....... माहेर × .......

प्र. ५. हक्क, कायदा, हिशेब, माफ हे शब्द उर्दूतही आहेत. असे आणखी चार शब्द पाठातून शोधा आणि वाक्यांत वापरा.

उपक्रम : आपल्या घरातील एका दिवसाच्या कामांचा तक्ता तयार करा. त्यात प्रत्येकाचे पूर्ण नाव लिहा. त्यांतील कोणते एक काम तुम्ही उद्यापासून कराल, ते तक्त्याखाली लिहा.