चवड्यांवर चालणारीं मुलें व शस्त्रवैद्याची सुरी

एखादें मूल टांच भुईस न टेकवितां, गुडघ्यावर गुडघा घासत शाळेंत येतें. त्याचे पाय मुळांत निर्दोष असतात, हें आमच्या विद्यार्थ्यांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल. गर्भांत, जन्मसमयीं अथवा पहिल्या कांहीं वर्षांत मेंदूस इजा झाल्यानें स्नायूंस चुकीचे हुकूम जातात. स्नायु ताठ राहतात, आणि हाडें जों जों वाढतात तों तों ते आंखूड पडतात. या विकारास 'सेरेब्रल पाल्सी' म्हणतात.

लंडनचे डॉ. विल्यम जॉन लिटल यांनीं १८६२ सालीं याचें सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांचा स्वतःचा एक पाय बालपणींच्या निराळ्या आजारानें वांकडा झाला होता. १८३६ सालीं हॅनोव्हर येथें डॉ. श्ट्रोमायर यांनीं टांचेमागील कंडरा छेदून तो सरळ केला, आणि ती विद्या लिटल यांनीं इंग्लंडांत नेली.

परंतु सुरी कंडरेस पोंचते, मेंदूस नव्हे. म्हणून किती व केव्हां कापावें यांतच शस्त्रवैद्याची परीक्षा असते. टांचेची कंडरा प्रमाणाबाहेर लांबविली तर मूल चवड्यांवरून खालीं उतरतें खरें, पण गुडघे वांकवून चालूं लागतें. आणि हा दुसरा दोष पहिल्याहून दुर्धर. पूर्वीं एका वर्षीं टांच, दुसऱ्या वर्षीं गुडघा, पुढें जांघ, अशा क्रमानें अर्धें बालपण रुग्णालयांतच सरे. आतां मुलाच्या चालीचें चित्रण करून सर्व सांध्यांचे दोष शक्यतों एकाच वेळीं दुरुस्त करितात, बहुधा सात ते बारा वर्षांच्या दरम्यान. खुबा निसटूं लागल्यास मात्र इतकें थांबतां येत नाहीं. कांहीं निवडक मुलांत कण्यापाशीं मज्जातंतूंचे थोडे धागे छेदून ताठरपणाच कमी करितात.

पालकांनीं एक गोष्ट आधींच विचारून घ्यावी. शस्त्रक्रियेनंतर मूल प्रथम पूर्वीहून अशक्त दिसतें. प्लास्टर निघाल्यावर सुमारें वर्षभर रोज व्यायाम लागतो. तो टळला तर सुरीचें काम बहुतांशीं वायां जातें. आमच्या मतें खरी कसोटी याच वर्षीं लागते, आणि तींत आईबापांइतकाच वर्गसोबत्यांचाही वांटा असतो.

२०१३ सालीं पालघर येथें आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत अंगणवाड्यांत व सरकारी आणि अनुदानित शाळांत १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते; पुढील उपचारही विनामूल्य मिळतात. नागपुरांतील पालकांस शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा अस्थिरोग विभाग जवळच आहे. मूल वर्ष-दीड वर्षाचें झालें तरी चवड्यांवरच उभें राहत असेल तर तेथें दाखवावें. वाढीबरोबर आपोआप सुटेल म्हणून वाट पाहूं नये.