खेळाडूचा सौदा आणि प्रेक्षकांचा न्याय

हॉकी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर हिरवे मैदान आणि ध्यानचंद व रूपसिंग ह्या बंधूंची नावे उभी राहतात. रूपसिंगांचे नाव तर ग्वाल्हेरच्या मंडळींना तेथील क्रीडांगणामुळे नित्याचेच आहे. परंतु कॅनडात नुसते ‘हॉकी’ म्हटले, तर ती बर्फावरील हॉकी समजावयाची. पोलादी पात्यांचे बूट घालून, गोलरक्षकासह सहा-सहा गडी रबराच्या चकतीमागे बर्फावरून धावत असतात. ह्या खेळातील एका गाजलेल्या प्रसंगाच्या आधारे, एखाद्या निर्णयाची पारख कशी करावी, ह्याचा आज आपण विचार करू.

प्रथम तेथील रीत ध्यानात घेतली पाहिजे. नॅशनल हॉकी लीगमधील संघ खाजगी मालकीचे असतात आणि खेळाडू त्यांच्याशी कराराने बांधलेला असतो. एक संघ आपला खेळाडू दुसऱ्या संघास देतो व मोबदल्यात दुसरे खेळाडू किंवा पुढील वर्षी नवोदितांतून निवड करण्याचा हक्क घेतो. त्या काळी रोख रक्कमही घेता येत असे. असे सौदे दरवर्षी होतात. परंतु ९ ऑगस्ट १९८८ रोजी जो सौदा झाला, त्याने सारा देश हादरला.

एडमंटन ऑयलर्स ह्या संघाने १९८४, १९८५, १९८७ आणि १९८८ असा चार वेळा स्टॅन्ले चषक जिंकला होता. त्यांचा नायक वेन ग्रेट्झ्की तेव्हा अवघा सत्तावीस वर्षांचा होता. १९८१-८२ च्या हंगामात त्याने ९२ गोल केले होते. अशा खेळाडूस मालक पीटर पॉकलिंग्टन ह्यांनी अमेरिकेतील लॉस एंजेलिस किंग्ज ह्या संघास देऊन टाकले. त्याच्यासोबत मार्टी मॅकसॉर्ली व माइक क्रुशेल्निस्की हेही गेले. मोबदल्यात एडमंटनला जिमी कार्सन व मार्टिन जेलिना हे दोन तरुण खेळाडू, १९८९, १९९१ व १९९३ ह्या वर्षांचे पहिल्या फेरीतील निवडीचे हक्क आणि दीड कोटी अमेरिकन डॉलर मिळाले. निरोपाच्या वेळी वार्ताहरांसमोर ग्रेट्झ्कीला अश्रू आवरले नाहीत.

चाहत्यांचा पहिला निवाडा संतापाचा होता. मालकाची प्रतिमा जाळण्यात आली. नेल्सन रीस नावाच्या संसद-सदस्याने तर सरकारने हा सौदा थांबवावा अशी मागणी केली. काहींनी दोष ग्रेट्झ्कीच्या पत्नीच्या माथी मारला. ती अमेरिकन अभिनेत्री. विवाहास महिनाही लोटला नव्हता. तेव्हा तिनेच त्याला ओढून नेले, असा तर्क त्यांनी लढविला. ह्या आरोपास आधार काय, हे विचारण्याइतकी शांतता कोणाजवळ होती? दुःख झाले की मनुष्य कारण शोधण्याआधी अपराधी शोधतो. हा दोष एडमंटनकरांचाच आहे असे नाही; तो आपणां सर्वांचा आहे.

दुसरा निवाडा हिशेबाचा. १९८९ च्या चषक-स्पर्धेत पहिल्याच फेरीत ह्या दोन संघांची गाठ पडली आणि १-३ असे मागे पडलेल्या किंग्जनी ४-३ अशी बाजी मारली. तेव्हा लोक म्हणाले, “सौदा बुडाला!” पण पुढच्याच वर्षी, १९९० साली, ग्रेट्झ्कीवाचून एडमंटनने पाचव्यांदा चषक जिंकला. तेव्हा तेच लोक म्हणू लागले, “सौदा काही वाईट नव्हता.” एका वर्षात निवाडा उलटला; सौदा मात्र तोच होता.

मग खरे काय? येथे हिशेब बारकाईने तपासला पाहिजे. सौद्यात आलेला कार्सन एडमंटनमध्ये फार काळ राहिला नाही. नोव्हेंबर १९८९ मध्ये त्याला डेट्रॉइटला देण्यात आले आणि त्याच्या बदल्यात अ‍ॅडम ग्रेव्ह्ज, जो मर्फी व पीटर क्लिमा हे आले. ग्रेव्ह्ज, मर्फी आणि जेलिना ह्या तरुण त्रिकुटाने १९९० च्या विजयात मोलाचा वाटा उचलला, तर अंतिम फेरीच्या पहिल्या सामन्यात तिसऱ्या जादा डावात निर्णायक गोल केला तो क्लिमाने. म्हणजे सौद्याचे फळ मिळाले, पण ते एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर जाऊन. तथापि त्या विजयाचे आधारस्तंभ मार्क मेसिये, यारी कुरी, केव्हिन लो हे आधीपासूनच तेथे होते आणि सर्वोत्तम ठरलेला गोलरक्षक बिल रॅनफर्ड निराळ्याच सौद्यातून आलेला होता. तेव्हा चषकाचे सारे श्रेय ह्या सौद्याला देणे हेही न्यायाचे नव्हे.

शिवाय पुढचे पान उलटले की चित्र पुन्हा पालटते. कुरी, मेसिये, अँडरसन असे मोहरे एकामागून एक निघून गेले आणि १९९३ पासून सलग चार वर्षे एडमंटनला चषक-स्पर्धेत प्रवेशही मिळाला नाही. १९९० नंतर २०२५ पर्यंत तो चषक त्या शहराकडे पुन्हा आला नाही. इकडे किंग्ज १९९३ साली अंतिम फेरीपर्यंत पोहोचले, पण ग्रेट्झ्की असताना त्यांनाही चषक मिळाला नाही. मात्र ज्या कॅलिफोर्नियात ह्या खेळाला फारसे कोणी विचारीत नसे, तेथे १९९१ व १९९३ साली आणखी दोन संघ उभे राहिले. हा लाभ कोणाच्या खात्यावर मांडावयाचा?

ह्यावरून निवाड्याचे काही नियम आपणांस सापडतात. निर्णय घेणाऱ्यास त्या दिवशी जे ठाऊक होते, त्यावरूनच त्याच्या शहाणपणाची परीक्षा करावी. पुढे घडलेल्या गोष्टींवरून नव्हे. काय दिले व काय मिळाले, हे दोन्ही पूर्ण मांडावे. एका हाराने वा एका विजयाने वही बंद करू नये. आणि जे अंकांत मावत नाही, तेही विसरू नये. मालकाच्या लेखी तो करार होता. शहराच्या लेखी तो आपला मुलगा होता. चाहत्यांचा हिशेब कच्चा असेल, पण त्यांचे दुःख खोटे नव्हते.

ह्या कथेतील सर्वांत सुंदर निवाडा मात्र १५ ऑक्टोबर १९८९ रोजी लागला. गॉर्डी हाव ह्या थोर खेळाडूचा १८५० गुणांचा विक्रम ग्रेट्झ्कीने मोडला, तो एडमंटनच्याच मैदानात, एडमंटनच्याच विरुद्ध, सामना संपण्यास मिनिटभरही उरले नसताना. त्या गोलाने यजमानांच्या हातातला विजय निसटला. तरीही सारे प्रेक्षागृह उभे राहून त्याचा जयजयकार करीत राहिले. मालकावरचा राग त्यांनी खेळाडूवर काढला नाही.

विद्यार्थिमित्रहो, आपल्याही संघातील एखादा चांगला गडी वडिलांच्या बदलीमुळे दुसऱ्या शाळेत जातो आणि पुढल्या वर्षी आपल्याच विरुद्ध उभा राहतो. त्या वेळी त्याला ‘फितूर’ म्हणावयाचे, की त्याच्या उत्तम खेळाला टाळी द्यावयाची, हे ज्याचे त्याने ठरवावे. एडमंटनच्या प्रेक्षकांनी काय केले, ते आम्ही सांगितले आहे.