कृषिपदवीसाठी महाविद्यालयाची निवड

बारावीचा निकाल लागला की माजी विद्यार्थी आणि पालक एकच प्रश्न घेऊन आमच्याकडे येतात : कृषिपदवीसाठी कोणते महाविद्यालय चांगले? प्रश्न साधा दिसतो. परंतु ज्या घरात ही पहिलीच पदवी असते, तेथे फसलेल्या निवडीची किंमत चार वर्षांच्या शुल्कात आणि कर्जाच्या व्याजात मोजावी लागते. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने त्याचा विचार सविस्तर मांडत आहोत.

शेती आणि शिक्षण यांचा संबंध आपल्या चळवळीला नवा नाही. महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात शेतकऱ्याच्या दैन्याचे मूळ त्याच्या अविद्येत दाखविले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ मध्ये भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. जमीन लहान की मोठी, हे केवळ एकरांवर ठरत नाही. तिच्यावर किती भांडवल, अवजारे व श्रम लावले जातात यावर ठरते, हा त्यातील युक्तिवाद. शेतीवर पडलेला माणसांचा भार उद्योगांकडे वळविला पाहिजे, असा उपायही त्यांनी सुचविला. पुढे दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. हा इतिहास येथे सांगण्याचे कारण असे की, “आपल्याला जमीनच नाही, मग कृषिपदवी कशाला?” असे अनेक पालक विचारतात. कृषी विभाग, बँका, बियाणे कंपन्या, माती-परीक्षण प्रयोगशाळा यांना सातबारा लागत नाही, ज्ञान लागते. कीटकनाशक-विक्रीच्या परवान्यालाही आता विहित शैक्षणिक पात्रता आवश्यक आहे, आणि कृषिपदवी त्यात बसते.

महाराष्ट्रात चार कृषी विद्यापीठे आहेत : राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली. प्रत्येकाचे संशोधन आपापल्या भूमीशी बांधलेले आहे. अकोल्यात कापूस व संत्रा, दापोलीकडे भात, नारळ व आंबा. ‘रत्ना’ आणि ‘सिंधू’ हे आंब्याचे संकर कोकणातले, तर भेंडीचा ‘परभणी क्रांती’ हा वाण मराठवाड्यातला. अकोल्याचे विद्यापीठ ज्यांच्या नावाने आहे, ते डॉ. पंजाबराव देशमुख १९२७ च्या अमरावतीतील अंबादेवी मंदिर सत्याग्रहातही होते, हे आपल्या मुलांना क्वचितच ठाऊक असते.

या विद्यापीठांची स्वतःची महाविद्यालये ‘घटक’ म्हणून ओळखली जातात. खासगी संस्थांची महाविद्यालये ‘संलग्न’. पदवी त्याच विद्यापीठाची मिळते, पण शुल्क आणि सोयी यांत मोठे अंतर असते. पुणे व नागपूर येथील जुनी घटक महाविद्यालये विसाव्या शतकाच्या आरंभीची. तेथे प्रवेश मिळत असेल, तर घरापासून दूर आहे एवढ्याच कारणाने तो सोडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. संलग्न महाविद्यालये सारीच वाईट, असे आम्ही म्हणत नाही. मात्र त्यांची निवड माहितीपत्रकाच्या गुळगुळीत कागदावरून करू नये. एक दिवस प्रत्यक्ष जाऊन यावे.

गेल्यावर इमारत नंतर पाहावी, आधी प्रक्षेत्र. विहिरीला उन्हाळ्यात पाणी असते काय? पिके विद्यार्थ्यांच्या हातची आहेत की शेत बटाईने दिले आहे? मृदाशास्त्र, वनस्पतिरोगशास्त्र, कीटकशास्त्र या विषयांना नियमित प्राध्यापक आहेत, की तासिका तत्त्वावर वेळ निभावली जाते? उत्तरे कार्यालयात मागू नयेत. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना चहाच्या टपरीवर विचारावे. चौथ्या वर्षातील ग्रामीण कार्यानुभवात विद्यार्थी खरोखर गावात राहतात, की वही भरून सही घेतात, हेही तेच सांगतील. मुलीसाठी वसतिगृह आवारात आहे का, हे आईने स्वतः पाहावे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची अधिस्वीकृती आहे काय, हे लेखी विचारावे. पदव्युत्तर प्रवेशाच्या वेळी हा प्रश्न उपस्थित होऊ शकतो.

आता पैशाचा भाग. शिष्यवृत्ती मिळेल म्हणून संस्था सांगेल तेथे सही करणे धोक्याचे. शिक्षण-शुल्काखेरीज कोणकोणत्या नावांनी रक्कम घेतली जाते, याची यादी प्रवेशापूर्वीच मागावी आणि प्रत्येक रकमेची पावती घ्यावी. मूळ कागदपत्रे जमा केल्यास त्यांचीही पोच घ्यावी. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिच्या अटी समाजकल्याण कार्यालयात त्या त्या वर्षी तपासून घ्याव्यात.

प्रवेश राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षेतून होतात. विज्ञान शाखेतील गणित गट आणि जीवशास्त्र गट दोन्ही चालतात. सातबारा किंवा भूमिहीन शेतमजुराच्या दाखल्यासंबंधीचा नियम चालू वर्षाच्या माहितीपुस्तिकेत वाचावा, शेजाऱ्याच्या आठवणीवर विसंबू नये. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच करावा. आजोबा-वडिलांच्या शाळेच्या दाखल्यांवर जातीची नोंद वेगवेगळी लिहिलेली असते, काही ठिकाणी मूळ जात तर काही ठिकाणी ‘बौद्ध’; ती गाठ सोडविण्यात महिने जातात आणि प्रवेशफेरी कोणासाठी थांबत नाही.