चिऱ्यांची शेगडी, जाळीचा घोळ

प्रश्न : अंगणात बांगडे, कणसं भाजायला शेगडी करायची आहे. जांभ्याचे चिरे उरलेत. गवंडी म्हणतो, सिमेंटने पक्की बांधा. वर कुंपणाची जाळी चालेल का?
– एक वाचक, लांजा

उत्तर : सिमेंट नकोच, आचेने त्याला तडे जातात. तीन बाजूंनी चिऱ्यांचा एकच थर नुसता मांडा, पुढची बाजू वाऱ्याला मोकळी. निखारे नि जाळीत सुमारे 15 सेंटीमीटर अंतर हवं. जांभा सच्छिद्र, पावसात पाणी पितो. म्हणून चिरे उन्हात चांगले वाळवा आणि पहिला जाळ मंद ठेवा.

कुंपणाची जाळी मात्र नाही! तिच्यावर जस्ताचा मुलामा असतो. तो फार तापला की निघणाऱ्या धुराने थंडी-ताप भरतो. स्टेनलेस स्टीलची जाळी घ्या.

करवंटीचा कोळसा उत्तम. काजूची टरफलं लांजात हाताशी असतात, पण त्यांच्या तेलाने कातडी भाजते, धूरही झोंबतो. अन्नाखाली ती नकोत.

ज्वाळेवर बांगडा बाहेरून करपतो, काट्याशी कच्चाच राहतो. निखाऱ्यांवर राखेची करडी साय धरली की मगच ठेवा. शेगडी पडवीत नको, वाळल्या गवतापासूनही लांब. पाण्याची बादली जवळ असू द्या.